गेमिंग लॅपटॉप: वजन, वॉट आणि वडील

गेमिंग लॅपटॉप म्हणजे कुठेही नेता येणारा, पण नेल्यावर आधी प्लगपॉइंट शोधायला लावणारा संगणक. तो निवडताना वजन आणि ताकद यांचा मेळ घालावा, असे सर्वत्र सांगितले जाते. मेळ बसत नाही. कशाबद्दल कुरकुरायचे, एवढेच ठरवता येते.

वजनाचा विचार आधी करावा, कारण दुकानात तो कोणी करत नाही. सोळा इंची यंत्र साधारण अडीच किलोचे असते आणि हा आकडा माहितीपत्रकात ठळक छापतात. चार्जरचा छापत नाहीत. 330 वॉटचा चार्जर किलोभराच्या आसपास जातो आणि दिसायला विटेच्या कुळातला असतो. म्हणून एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात चार्जर घ्यावा आणि सकाळी ठाण्याहून दादरला निघालेल्या लोकलमध्ये आपण उभे आहोत, अशी कल्पना करावी. कल्पना झेपली नाही तर यंत्र घरीच राहणार हे ओळखावे आणि ‘मग डेस्कटॉप का नको?’ असे कोणी विचारण्याआधी विषय बदलावा.

ताकद जोखताना नावाला भुलू नये. आरटीएक्स 4090 हे नाव डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डालाही आहे आणि लॅपटॉपमधल्या चिपलाही. पहिले 450 वॉट खाते आणि 16,384 कूडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे घटक) बाळगते. दुसरी 9,728 कोअरवर संसार चालवते, कारण मुळात चिपच वेगळी आहे. आरटीएक्स 4060 ला तर 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ यंत्रात उष्णतेला वाट कमी, म्हणून वॉटही बेताचेच. तेव्हा दुकानात ‘टीजीपी किती?’, म्हणजे ग्राफिक्स चिपला किती वॉट मिळतात, असे विचारावे. विक्रेता रॅम सांगेल. पुन्हा विचारावे.

बॅटरीचा विषय लवकर संपतो, कारण बॅटरीही लवकर संपते. विमानात परवानगीशिवाय 100 वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून दांडग्या यंत्रांतही ती 99 च्या आसपास थांबते. 200 वॉट ओढणारे यंत्र त्यावर अर्धा तास टिकेल. हे टाळण्यासाठी प्लग काढताच यंत्र आपणहून मंदावते. मग खेळ जास्त वेळ चालतो, फक्त नीट चालत नाही.

दोन्ही टोके बाजारात येऊन गेली आहेत. 2017 चा एसर प्रेडेटर 21 एक्स आठ किलोंहून जड होता. वक्र पडदा, दोन ग्राफिक्स चिप, दोन चार्जर आणि किंमत 8,999 डॉलर. उलट 2020 चा आसूस झेफिरस जी14 जेमतेम 1.6 किलोचा, पण त्याला वेबकॅमच नव्हता. ऑनलाइन वर्गांच्या त्या वर्षी ही उणीव विद्यार्थ्यांच्या पथ्यावर पडली असणार.

शेवटी वडिलांची परवानगी. कीबोर्डचे रंगीत दिवे आधी बंद करावेत. ‘इंजिनिअरिंगला लागतो’ हे कारण जुने असले तरी अजून चालते. सोबत ऑटोकॅडचे नाव घ्यावे. वडिलांना किंमत सांगावीच लागते. वजन मात्र सांगू नये. दुकानातून घरापर्यंत खोके तेच उचलणार असतात.