दोन बिंदूंचा ताप

आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये पडतं आणि ताप फॅरनहाइटमध्ये येतो. ‘चंद्रपूर ४६ अंश’ ही बातमी वाचून हळहळणारे गृहस्थच आतल्या खोलीकडे वळून ‘पोराला शंभर आहे गं’ म्हणतात. शंभर सेल्सिअसला चहाचं आधण येतं, पण आपली कधी गल्लत होत नाही.

या दोन मापांमधली ये-जा एका सरळ रेषेवरून चालते. ‘नऊ पंचमांशाने गुणा, बत्तीस मिळवा’ हे शाळेत घोकलेलं असतं. ते आलं कुठून, हे बहुतेकांनी विचारलेलं नसतं. बर्फ वितळतो तिथे सेल्सिअस ०, फॅरनहाइट ३२. पाणी उकळतं तिथे १०० आणि २१२. झाले दोन बिंदू. एकीकडे शंभर पुढे गेलं की दुसरीकडे १८० वर चढतं, म्हणजे चढ १८० भागिले १००, अर्थात नऊ पंचमांश. शून्यापाशी ३२ आधीच हजर आहेत, ते मिळवायचे. पडताळ्याला ३७ घाला: ६६.६ अधिक ३२, बरोबर ९८.६. त्या ‘पॉइंट सहा’चा केवढा दरारा! वास्तविक एकोणिसाव्या शतकात वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ सांगितलं. दशांशाचा काटेकोरपणा या रेषेने पदरचा घातला.

खुद्द सेल्सिअससाहेबांनी १७४२ मध्ये उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर दिलं होतं. पुढे ते उलटवलं गेलं, हे आयांवर मोठेच उपकार. नाहीतर रेषा उतरती झाली असती, ३७ च्या जागी ६३ आले असते आणि ताप चढला की आकडा उतरला असता.

इथवर रेषा गुणी आहे. घोटाळा होतो तो घरातली आजी ती ओढू लागते तेव्हा. काचेचा थर्मामीटर झटकायचा, काखेत धरायचा, मग उजेडाकडे तिरका करून, फिरवत फिरवत पाऱ्याची रेघ शोधायची. संध्याकाळी सहाला ९९. आठला १००. ‘चढतोय!’ आजीला दोन बिंदू मिळाले. तासाला अर्धा अंश. म्हणजे पहाटे चारला १०४! गणितात चूक काढून दाखवा. मात्र तीच रेषा मागे नेली तर त्या दिवशी सकाळी सहाला पोराचा ताप ९३ निघतो, आणि तेव्हा ते दप्तर सावरत शाळेच्या रिक्षामागे पळत होतं. शिवाय साडेआठला पॅरासिटामॉल दिलेली असते. ती गोळी कुठल्याच समीकरणाला जुमानत नाही.

काही घरांत याच्या पुढची पायरी असते. आई काचेच्या थर्मामीटरने मोजते, बाबा त्याच मिनिटाला डिजिटलने, आकडे वेगळे. वेळेतला फरक शून्य, म्हणजे छेदात शून्य, म्हणजे रेषा सरळ उभी. तिचा चढ काढताच येत नाही. चढतो तो फक्त आवाज.

तेव्हा ताप दर चार तासांनी मोजा, वेळेसकट वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. रेषा त्यांना ओढू द्या.