कान तुटलेला कप

अहो, ऐकलंत का? या जरा अशा कंपाउंडपाशी. मोठ्यानं नाही बोलत, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं वरच्या गॅलरीत कोण उभं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

काल भजनी मंडळात काय झालं म्हणून सांगू! पालखी आकुर्डीला मुक्कामी यायची, म्हणून सध्या रोज प्रॅक्टिस. पेटीवाल्या काकूंनी ते किशोरीताईंचं घेतलं, सगळे रंग एक होतात ते. छान झालं हं, खोटं कशाला बोलू. संपल्यावर काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुकोबांनी काय लिहून ठेवलंय!" आम्ही सगळ्या माना डोलावतोय. तेवढ्यात दाराशी बसलेली ती नवी भाडेकरू... हो, तीच, चाकणला क्वालिटीत आहे ती. फर्स्ट शिफ्ट करून कंपनीची बस फाट्यावर सोडते, की तशीच युनिफॉर्मवर येते. ती हळूच म्हणाली, "काकू, हा तुकोबांचा नाही. सोयराबाईंचा."

"कोण सोयराबाई?"

"चोखोबांची बायको."

अहो, काकूंचं तोंड एवढंसं झालं! पेटीचा भाता तसाच अर्धा उघडा. चाळीस वर्षं तोच अभंग गातायत हो, आणि...

सोयराबाईचं तुम्हाला काय सांगायचं? दिवस भरत आले आणि नवरा गेला बहिणीकडे, निर्मळेकडे. मी असते तर दारातच धरला असता! मग काय, विठ्ठल स्वतः नणंदेच्या रूपात आला आणि बाळंतपण करून गेला. आणि ते दह्याचं? देव जेवायला बसलेला, हिच्या हातून त्याच्या पीतांबरावर दही सांडलं. चोखोबा म्हणाले, अगं, जरा जपून! जाता जाता बडव्यानं ते ऐकलं, महार देवाशी बोलतो म्हणजे काय, आणि लगावली की हो चोखोबांच्या मुस्कटात. देवळात जाऊन बघतो तर पीतांबरावर दही आणि विठ्ठलाचा गाल सुजलेला. तेव्हा त्या बडव्याचा चेहरा बघायला मिळायला हवा होता बाई. आणि विटाळाचं तर तिनं सरळच विचारून ठेवलंय, विटाळाशिवाय देह झालाय कुणाचा, दाखवा. आपल्या आज्जीला हे वाचून दाखवलं असतं ना, तर अडसरानं मारलं असतं...

तर काय सांगत होते, काकू. काकू अशा गप्प बसणार थोड्याच? म्हणाल्या, "तुम्ही लोक आता बौद्ध ना? मग भजनाला कशा?" अहो, सगळ्यांसमोर! मी तर टाळांची दोरी सोडत बसले. पण पोरगी शांत. म्हणाली, "माझे आजोबा देहूरोडला होते, काकू. 25 डिसेंबर 1954 ला." तिथलं देऊळ आधी चोखोबांसाठी म्हणून बांधलेलं, ते आपल्याला माहीतच आहे. बाबासाहेबांनी तिथं रंगूनहून आणलेली बुद्धाची मूर्ती बसवली. बरं, चोखोबांवर राग होता म्हणावं तर तसंही नाही, 1948 च्या त्यांच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखोबा या तिघांच्या नावानं आहे. मग आजोबांनी काय केलं, तर मूर्तीला हात जोडले आणि सोयराबाईचे अभंग घरात तसेच राहू दिले. "ते आमच्या घरातलंच माणूस आहे, काकू," म्हणाली. आणि मग एकच वाक्य टाकलं. मंगळवेढ्याची भिंत चोखोबांच्या अंगावर पडली 1338 ला, आणि त्यांच्या माणसांना पंढरपूरच्या देवळात पाय ठेवायला मिळाला 1947 ला, तोही साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा. मी बोटांवर मोजलं. सहाशे नऊ वर्षं, अहो! नामदेवांनी हाडं शोधून आणली, समाधी बांधली, ती महाद्वाराशी. दाराबाहेरच.

पण खरी गंमत पुढेच. चहा आला. ट्रेमध्ये एक कप कमी पडला. काकू काही म्हणेपर्यंत ही उठली, स्वयंपाकघरात गेली, खिडकीत तो कान तुटलेला कप असतो बघा, तो विसळला, चहा ओतला आणि आमच्यात येऊन बसली. काकू एकदम, "अगं अगं, तो मावशींचा..." पुढं शब्दच फुटेना. मावशी मोरीपाशी साबणाचे हात घेऊन उभ्या. फुर्र करून प्यायली हो पोरगी, आणि म्हणाली, "धुतलाय मी, काकू." एकीनं बिस्किटाचा पुडा उघडला, तो आवाज केवढा वाटला म्हणता!

आमच्याकडे? आमच्याकडे तसं काही नाही बाई. आमच्या मावशींचा कप वेगळा आहे, पण तो त्यांना आवडतो म्हणून. खिडकीत असतो, कारण तिथं हाताशी... तुमच्याकडेही आहेच की तो निळा. बघितलाय मी.

तर आज सकाळी मी आपला तो कप उचलून माळ्यावर टाकला. मावशी आल्या, खिडकीत हात गेला, थबकल्या. म्हणाल्या, "ताई, माझा कप?" म्हटलं, "घ्या ना कुठलाही." त्यांनी मांडणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "मग तुम्ही कशातनं घेणार?"