केराचा आठवडा

"उल्म म्हणजे जर्मनीत नेमकं कुठं?" असं साताऱ्याच्या मामांनी विचारलं. स्टुटगार्ट आणि म्युनिकच्या मधे, नदीकाठी, वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर, असं ह्यांनी सांगितलं. "म्हणजे कराड," मामा म्हणाले. उल्मकरांना आम्ही हे कळू दिलेलं नाही, पण इथे ब्लाऊ नावाची छोटी नदी डान्यूबला मिळते, म्हणजे संगमसुद्धा आहे. फक्त पूल ओलांडला की गाव बदलतं आणि राज्यही. पलीकडचं नॉय-उल्म बायर्न राज्यात. मी कोथिंबिरीसाठी परराज्यात जाते.

आइन्स्टाइन 1879 साली इथे जन्मला आणि सव्वा वर्षाचा असताना म्युनिकला गेला. तेवढ्या भांडवलावर गाव अजून मिरवतंय. तरी गावाचा खरा अभिमान म्हणजे म्युन्स्टर, 161 मीटर उंच मनोऱ्याचं चर्च. पायाभरणी 1377 सालची, मनोरा पुरा झाला 1890 साली. हे ऐकून मामांचा जर्मन वक्तशीरपणावरचा विश्वास उडाला, आणि स्वतःच्या अर्धवट बंगल्याबद्दलचा संकोचही गेला. 2025 च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियाने त्याचा जगातल्या सर्वांत उंच चर्चचा मान पटकावला. तळमजल्यावरच्या आजींपुढे हा विषय काढायचा नाही. "आधी ते बांधून तर होऊ दे," एवढंच त्या म्हणतात.

ह्या आजींची आणि आमची ओळख सोफ्यामुळे झाली. जुना सोफा स्वस्तात मिळाला, म्हणून हे आणि ह्यांचा मित्र तो जिन्याने चढवत होते. पहिल्या वळणावर तो असा आडवा अडकला की वर जाईना, खाली येईना. कठडाच काढावा का, ह्यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात आजी दार उघडून बाहेर आल्या, क्षणभर बघितलं, "श्पाट्स!" म्हणाल्या आणि आत गेल्या. शिवी असणार, असं आम्ही समजून घेतलं.

"श्पाट्स म्हणजे चिमणी," दुसरीतले चिरंजीव म्हणाले. त्यांना शाळेत गोष्ट सांगितली होती. चर्चसाठी आणलेलं लांबलचक लाकूड उल्मकर वेशीतून आडवं न्यायला बघत होते. जाईना, तेव्हा वेसच पाडायचं ठरलं. इतक्यात एक चिमणी घरट्यासाठी काडी उभी धरून फटीत शिरली. मग गावाच्या डोक्यात उजेड पडला. एखाद्या गावाने ही गोष्ट पुरून टाकली असती. उल्मकरांनी चिमणी म्युन्स्टरच्या छपरावर बसवली आणि गावभर तिचे पुतळे केले. 1811 साली पंख लावून डान्यूबवरून उडायला निघालेला आणि धपकन पाण्यात पडलेला बेर्बलिंगर शिंपी, त्याचीही अशीच आठवण जपली आहे. फजितीचं एवढं कौतुक असलेलं गाव आम्हाला मानवणार, हे तिथेच ठरलं. सोफा उभा केला. गेला.

मग सासूबाई आल्या. त्यांना जर्मनचा गंध नाही, पण इथले लोक भेटल्यावर 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, त्यात देव आहे एवढं कळल्यावर त्या प्रत्येकाला "राम राम" घालू लागल्या. दोन्हीकडे समाधान.

एके सोमवारी आमच्या दाराला पाटी लटकली : केरवोखं. म्हणजे जिना, दार आणि समोरचा फुटपाथ झाडायची ह्या आठवड्याची पाळी तुमची. श्वाबिया ह्या इथल्या भागातली ही जुनी रीत, आणि ती चुकवणाऱ्याकडे अख्खी इमारत बघते. मी शब्दकोश काढेपर्यंत सासूबाईंनी "केर" एवढं ऐकलं आणि पदर खोचला. "केरच म्हणतात की! उगाच अवघड अवघड म्हणून घाबरवता."

त्यांनी तिन्ही मजले झाडले, पुसले. तळमजल्याच्या आजी चष्मा लावून कोपऱ्यांत बघून गेल्या; काही बोलल्या नाहीत, ही श्वाबियन शाबासकी. त्या भरात सासूबाईंनी रविवारी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. सगळ्यांनी फोटो काढले. मग संध्याकाळी पाऊस आला, आणि सहाही बिऱ्हाडांच्या बुटांबरोबर ती रांगोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली.

सोमवारी पाटी समोरच्या दारावर जायची. ती परत आमच्याच दाराला.

"बघ," सासूबाई झाडू शोधत म्हणाल्या, "काम आवडलं, म्हणून पुन्हा दिलंय."