खोटा जामीन

बंगळूरला राहणारा मराठी माणूस आयटीतच असतो, अशी पुण्या-सांगलीकडच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. मी बँकेच्या कर्ज विभागात होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. तरी लग्नाकार्यात कुणीतरी हातात मोबाइल ठेवतंच, "जरा बघता का, हँग होतोय." मीही चष्मा लावून गंभीरपणे बघतो आणि बंद करून परत चालू करतो. या एका इलाजावर खानदानात माझं बरंच नाव झालं आहे.

ते नाव धोक्यात आलं आमच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमुळे. 1991 सालची कॅसेट डिजिटल करून आणली, तर पडद्यावर एवढ्या मुंग्या की नवरी कोणती आणि करवली कोणती, हे साडीच्या काठावरून ठरवावं लागत होतं. मुंग्या साफ करणारा एडिटिंगचा प्रोग्रॅम मिळाला, पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड हवं होतं. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, सोपं आहे. जुनं काढायचं, नवं स्लॉटमध्ये दाबायचं, खट आवाज आला की झालं."

सदर पत्रप्पा रोड, म्हणजे इथल्या भाषेत एसपी रोड, हा टाउन हॉलच्या पाठीमागचा रस्ता. इथे रॅमपासून रेझिस्टरपर्यंत काहीही मिळतं, फक्त उभं राहायला जागा मिळत नाही. तिथून कार्ड आणलं. खट आवाजही आला. मात्र कार्डाच्या डोक्यावर वीज घ्यायला आठ पिनांचं सॉकेट होतं आणि माझ्या जुन्या 450 वॉटच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघालेली वायर सहा पिनांची. पुन्हा एसपी रोड. एका ठेल्यावर सहाला आठ करणारा कन्व्हर्टर शंभराच्या आत मिळाला. एवढ्या स्वस्तात सहाचे आठ होतात म्हटल्यावर बँकवाल्याला संशय यायला हवा. मला कौतुक वाटलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. मेल उघडली, बातम्या दिसल्या, पत्त्यांचा खेळही चालला. मग लग्न लावलं. मुंग्या साफ करायचा आदेश दिला, मंगलाष्टकं सुरू झाली, भटजी "सावधान" म्हणाले आणि अंतरपाट सरकायच्या आत पडदा काळाठिक्कर. परत उजेड आला तेव्हा प्रोग्रॅम गायब. पुढच्या वेळी तर अख्खा कॉम्प्युटरच बंद होऊन आपला आपण चालू झाला, म्हणजे माझा एकमेव इलाज त्याने स्वतःच करून दाखवला. आमची ही म्हणाली, "समर्थांचा भक्त दिसतोय. सावधान ऐकलं की पळतो."

भाच्याने आधी ड्रायव्हरवर संशय घेतला. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर नीट गेला नाही की नव्याशी त्याची भांडणं होतात, हे खरं आहे. सेफ मोडमध्ये जाऊन जुना मुळासकट उपटला, नवा टाकला. वऱ्हाड पुन्हा सावधानपर्यंतच आलं. मग कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराने भारतातला सर्वमान्य सल्ला दिला, "फॉरमॅट मारो." मारला. नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी कडाही घासल्या. त्याने अनेक घरचे कॉम्प्युटर बरे झाले आहेत. आमचा झाला नाही. रबर मात्र संपलं आणि नातवाशी संबंध बिघडले.

ग्राफिक्स कार्डांच्या चिप करणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांची डिझाइन केंद्रं याच गावात आहेत. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, तेव्हापासून बंगळूर चिपवाल्यांचं झालं. आमच्या लिफ्टमध्ये असा एक चिप इंजिनिअर रोज भेटतो. त्याला गाठून सगळी हकिगत सांगितली. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "अंकल, मी चिपच्या एका कोपऱ्याची तपासणी करतो. कॅबिनेट कॉलेजनंतर उघडलेलं नाही."

एवढ्यात खंडेनवमी आली. इथे ती आयुधपूजा. रिक्षांना केळीचे खांब, रस्तोरस्ती कुंकू भरून फोडलेले कोहळे, आणि ऑफिसांतल्या कॉम्प्युटरांनाही गंधफूल. हिने आमच्या कॅबिनेटला सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या पंख्याने ते तितक्याच भक्तिभावाने आत ओढून घेतलं. कार्डाच्या पात्यांवर ती लाली अजून आहे.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक वही असते, तीत कॉम्प्युटर स्वतःची दुखणी लिहून ठेवतो. मी ती उघडली. दर मरणानंतर एकच नोंद होती : कर्नल-पॉवर, 41. यातून कॉम्प्युटर रीतसर बंद न होता अचानक गेला एवढंच कळतं, कारण कळत नाही. तरी 'पॉवर' हा शब्द इतक्यांदा वाचूनही मी कर्नलचाच शोध घेत बसलो होतो.

शेवटी कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने एसपी रोड गाठला. दुकानातल्या पोराने विचारलं, "अंकल, एसएमपीएस कितने का है?"

"बावीस सौ का," मी अभिमानाने म्हणालो. त्याला वॉट हवे होते.

त्याने झाकण उघडून कन्व्हर्टर दोन बोटांत धरला, मेलेली पाल धरावी तसा. मग हिशोब सांगितला. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त 75 वॉट देतो, सहा पिनांची वायर आणखी 75. झाले दीडशे. माझं कार्ड भरात आलं की 200 मागतं. आठ पिनांची खरी वायर 150 देते, पण कन्व्हर्टरने वाढलेल्या दोन पिना वीज वाढवतच नाहीत. त्या फक्त कार्डाला सांगतात की मागे दीडशेची सोय आहे. मेल वाचताना कार्ड काही मागत नाही, त्यामुळे सगळं ठीक चालतं. मुंग्या निवडायला बसलं की ते हक्काने मागतं आणि म्हातारा एसएमपीएस हात टेकतो.

म्हणजे खोटा जामीन! पस्तीस वर्षं मी सही करणाऱ्याची ऐपत बघितल्याशिवाय एकाही गावकऱ्याला म्हैस घेऊ दिली नाही. शेतकऱ्यांना सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालायला लावले. आणि घरात शंभराच्या आतला जामीनदार कागद न बघता उभा केला. एसएमपीएसच्या अंगावर त्याची ऐपत छापलेली असते. 12 व्होल्टला किती अँपिअर, हेही त्यात असतं. तेवढं एक लेबल वाचायचं राहिलं होतं.

650 वॉटचा नवा एसएमपीएस बसवला. लग्न आता निर्विघ्न लागतं, चित्रही लख्ख आहे. इतकं लख्ख, की मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाआडून मनगटावरचं घड्याळ बघतोय हे स्पष्ट दिसतं. ही तेवढाच तुकडा पाहुण्यांना लावून दाखवते.

जुना 450 वॉटचा एसएमपीएस चालू स्थितीत आहे. मेल, हिशोब, लग्नपत्रिका एवढ्या कामांना उत्तम. जयनगरला येऊन घेऊन जाईल त्याला फुकट देईन. कन्व्हर्टर कृपया मागू नये, तो मी कात्रीने कापला आहे.