माजी ब्लॉगर

माजी नगरसेवक जसा जुनं लेटरहेड जपतो, तसा माजी ब्लॉगर आपली ब्लॉगस्पॉटची लिंक जपतो. फेसबुकवर, ईमेलच्या सहीखाली, व्हॉट्सॲपच्या 'अबाउट'मध्ये ती असतेच. उघडली तर सगळ्यात वर शेवटची नोंद: 'पुन्हा लिहिता होतोय!' तारीख २०१४ ची.

२००८ च्या सुमारास मात्र गडी भरात होता. शिवाजी फॉन्टातला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य खुणा होऊन उमटायचा, ते दिवस युनिकोडने संपवले होते. रात्री 'बरहा' उघडून रोमन कळांवर देवनागरी बडवायची आणि नोंद प्रकाशित करायची. कडेच्या पट्टीत वाचक मोजणारा आकडा असे. तो वाढवण्याचं निम्मं काम हा स्वतःच करी. त्याच पट्टीतल्या वाचकांच्या नकाशावर न्यू जर्सीत लाल ठिपका दिसला की 'आपल्याला अमेरिकेतही वाचतात' हे ऑफिसभर व्हायचं. ठिपका मावसभावाचा, एवढं सांगायचं राहून जायचं. प्रतिक्रियांचा व्यवहार रोखठोक होता: 'मस्त लिहिलंय. माझ्याही ब्लॉगवर या.' हा जायचा, तोही यायचा, दोघे खूश. 'स्टार माझा' वाहिनीने 'ब्लॉग माझा' स्पर्धा घेतली, तेव्हा तर याने रजा टाकून शुद्धलेखन तपासलं.

फेसबुक २००६ पासूनच सगळ्यांना खुलं होतं. घात केला तो २००९ मध्ये आलेल्या लाइकच्या बटणाने. चार रात्री खपून लिहिलेल्या कोकणच्या प्रवासवर्णनाला प्रतिक्रिया तीन, त्यांतली एक औषधाच्या जाहिरातीची. आणि थालीपिठाच्या फोटोला संध्याकाळपर्यंत साठ अंगठे! कुणीही थालीपिठाकडेच वळेल. पुढे १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं आणि ज्यांच्यासमोर नवी नोंद आपसूक येऊन पडायची, ते उरलेसुरले वाचकही पांगले.

'हल्ली वेळच मिळत नाही,' असं तो म्हणतो.

धादांत खोटं! आज तो पूर्वीच्या दुप्पट लिहितो. शाळेच्या ग्रुपवर आठवणी, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची टाकी, फेसबुकवर मराठी सिनेमाची दुर्दशा. पण गेल्या पावसाळ्यातली गळतीवरची फर्मास पोस्ट हवी असेल, तर अंगठा दुखेपर्यंत 'गुड मॉर्निंग'चे गुलाब सरकवावे लागतात. २००९ ची नोंद मात्र ब्लॉगवर महिन्यानुसार लावून ठेवलेली, दोन क्लिकमध्ये हजर. हे त्यालाही कळतं. म्हणून दर १ जानेवारीला तो ब्लॉगचं टेम्प्लेट बदलतो आणि दमून झोपतो.

मागच्या दिवाळीत त्याचाच फराळावरचा जुना लेख सोसायटीच्या ग्रुपवर फिरत आला. खाली नाव पु. ल. देशपांडे. लेखात ऑर्कुटचा उल्लेख होता. ऑर्कुट सुरू झालं २००४ मध्ये, पु. ल. गेले २००० मध्ये. असल्या किरकोळ बाबींनी फॉरवर्ड अडत नाही. हा आधी सुखावला, मग भडकला, आणि पुरावा म्हणून त्याने ब्लॉगची लिंक टाकली. अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर आलं, 'लिंक उघडायची भीती वाटते हो, खात्यातले पैसे जातात.'