सर्वरभाऊ

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेली एसटी पहूरच्या स्टँडवर थांबली की बाहेरगावचे पाहुणे लेणी अजून किती लांब ते विचारतात आणि आपली माणसं भजी गरम आहेत का ते. स्टँडजवळच्या एका गाळ्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. पाटीवर सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट, लग्नपत्रिका अशी यादी आहे. तळाशी ‘वेबसाईट बनवून मिळेल’ ही ओळ नंतर वेगळ्या रंगात घातलेली. आत दोन खुर्च्या, तीन मोबाईल, एक प्रिंटर आणि सर्वरभाऊ.

हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. असा भाऊ शेंदुर्णीत असतो, जामनेरात असतो, पाचोऱ्यात तर गल्लीगणिक असतो. आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो, वयाच्या पंचविशीपर्यंत त्याने “सर्वर डाऊन हाये भो” हे वाक्य इतक्यांदा म्हटलेलं असतं की गाव आपणहून नवीन बारसं करतं.

हे वाक्य भाऊ स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतात. समोर शेतकरी असला तर स्वर हळहळीचा, तलाठी असला तर बरोबरीचा, उधारी मागायला आलेला कागदवाला असला तर अतिशय दुःखी. एकदा घरून फोन आला, “येताना दूध आणा.” भाऊंच्या तोंडून सवयीने तेच गेलं. त्या रात्री घरी काय झालं ते पहूर पेठेला माहीत आहे, पहूर कसब्यालाही.

पण भाऊंवर अन्याय नको. निम्म्या वेळा ते खरंच बोलत असतात. १६ जुलै २०२१ला दहावीचा निकाल दुपारी एकला जाहीर झाला आणि राज्यातल्या १५ लाखांहून जास्त मुलांनी एकदमच बटण दाबलं. निकालाच्या वेबसाईटनी जी मान टाकली ती संध्याकाळपर्यंत. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा दिवसा काही उघडेना. बायाबापड्या आधारकार्डं भाऊंच्या टेबलावर ठेवून घरी जायच्या आणि भाऊ रात्री दोनला, सर्वर जरा मोकळा झाला की, एकेक फॉर्म पुढे सरकवायचे. तेव्हा अख्ख्या पहुरात जागे फक्त भाऊ आणि कुत्री. याचे भाऊंनी ज्यादा पैसे घेतले नाहीत, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

घोटाळा झाला तो त्या पाटीवरच्या शेवटच्या ओळीमुळे. दुसऱ्याचा सर्वर डाऊन असेपर्यंत भाऊ निर्दोष होते. मग त्यांनी स्वतः वेबसाईट बनवायला घेतल्या. एक शाळा, एक पतसंस्था, एक जिनिंग, एक आयुर्वेदिक डॉक्टर आणि एक कीर्तनकार महाराज असे पाच जण गळाला लागले. प्रत्येकाकडून होस्टिंगचे वर्षाचे पैसे वेगळे घेतले आणि पाचही जणांना स्वस्तातल्या एकाच खात्यात कोंबलं. त्यामुळे महाराजांच्या सप्त्याचा व्हिडिओ चार गावांत बघितला जाऊ लागला की इकडे पतसंस्थेचे व्याजदर दिसेनासे व्हायचे. ठेवीदार घाबरून मॅनेजरला फोन करायचे, मॅनेजर भाऊंना, आणि भाऊ म्हणायचे, “वरूनच प्रॉब्लेम हाये.”

हे ‘वरून’ म्हणजे कुठून, याची भाऊंकडे उतरंड आहे. आपली पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे २०२० पासून बंद पडली आणि तिच्या रुंदीकरणाचा विषय निघाला, तेव्हापासून पहिला संशयित जेसीबी. “खोदता खोदता केबल तोडली असंल.” तो मान्य झाला नाही तर समुद्रातली केबल. तिच्यावरही कोणाचा विश्वास बसला नाही की मग अमेरिका. “तिकडेच काहीतरी चालू हाये, सर.” अमेरिकेत काहीतरी चालू आहे याला पहूरमधून आव्हान देणार कोण?

त्यात ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, सगळंच सहाएक तास गुल. दुसऱ्या दिवशी भाऊ छाती काढून शाळेत गेले. “झुकरबर्गचं जातं तिथं आपली शाळा काय चीज हाये, सर?” मुख्याध्यापक गप्प झाले. फेसबुकच्या इंजिनिअरांनी मात्र, दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे हे झालं आणि दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने वेळ लागला, असं लगोलग लिहून जगासमोर ठेवलं होतं. तेवढा भाग भाऊंनी सांगितला नाही. कारण शोधणं आणि कारण सांगणं ही दोन कामं आहेत, आणि भाऊंची मास्टरी दुसऱ्यात.

शाळेची वेबसाईट रोज सकाळी वीसेक मिनिटं बंद पडायची. होस्टिंग कंपनीच्या जाहिरातीत ९९.९ टक्के चालू राहण्याची हमी होती. गणिताच्या सरांनी हिशेब केला. या हमीत महिन्याला ४३ मिनिटं बंद चालतं, आपलं तर दहा तास होतंय. म्हणजे ९८.६ टक्के. भाऊ प्रसन्नपणे म्हणाले, “मंग डिस्टिंक्शनच्या वरतीच हाये की!”

हे असंच चाललं असतं. पण नोव्हेंबरात वीज मंडळातून रिटायर झालेले एक वायरमन आप्पा हयातीचा दाखला द्यायला गाळ्यावर आले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला ते खुर्चीवर टेकतात तोच शाळेचा फोन आला आणि भाऊंनी अमेरिकेकडे बोट दाखवलं.

“तुझी एकट्याची गेली का पूर्ण आळीची?” आप्पांनी विचारलं.

“काय?”

“अरे बाबा, लाईट गेली म्हणून फोन आला की आम्ही पहिलं हेच विचारायचो. एकाच घराची गेली तर फ्यूज बघ, आळीची गेली तर डीपी, गावाची गेली तर फीडर. सरळ सबस्टेशनला कोण शिव्या देतं?”

आप्पांनी स्वतःच्या मोबाईलवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर शाळेची वेबसाईट लावायला सांगितली. नाही उघडली. म्हणजे गाळ्यातलं नेट निर्दोष. डॉक्टर, जिनिंग, महाराज, सगळे बंद. सरकारी साईट आणि बातम्या मात्र चालू. “बघ, पूर्ण गाव उजेडात हाये. तुझीच डीपी उडाली,” आप्पा म्हणाले. स्क्रीनवर ५०८ असा आकडा होता. खात्याला ठरवून दिलेली ताकद संपली की होस्टिंगवाले हा आकडा दाखवतात. भाऊ आजवर तो दिसला की घाईघाईने रिफ्रेश मारत, गिऱ्हाईकाने वाचू नये म्हणून.

आप्पांनी एक वही घालून दिली. कधी गेली, कधी आली, काय आकडा दिसला, आणखी कोणाकोणाची गेली. भाऊंनी ती नाराजीने लिहिली, पण लिहिली. हिवाळाभर एकच नोंद. साडेअकराला गेली, अकरा पन्नासला आली. रविवारीही तेच, दिवाळीच्या सुट्टीतही तेच. म्हणजे गर्दीचा प्रश्नच नाही, कारण दिवाळीत शाळेची वेबसाईट बघायला मुख्याध्यापकसुद्धा फिरकत नाहीत. मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गंमत झाली. वेळ सरकून साडेदहा झाली आणि तिथेच थांबली.

“तिकडचं लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं काय रे?” आप्पा म्हणाले.

कोडं सुटलं ते भूगोलाच्या सरांमुळे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात. भाऊंनी घाबरतच खातं उघडलं. मशीन टेक्सासमध्ये. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच ‘रोज रात्री बारा वाजता बॅकअप’ असं लावून ठेवलेलं, रात्री कोणाला त्रास नको या सद्हेतूने. पण ते बारा मशीनच्या घड्याळाचे. टेक्सासची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपले सकाळचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. शाळेच्या ऐन कामाच्या वेळी ते बिचारं मशीन पाचही जणांचं सामान गाठोड्यात बांधायला बसायचं. सामान तरी केवढं! स्नेहसंमेलनाचे फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले, एकेक आठ एमबीचा, त्यात निम्म्यांमध्ये प्रमुख पाहुण्यांची पाठ. बरं, बांधलेली गाठोडी ठेवली कुठे? त्याच खात्यात. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे एका होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांच्या हाती राख आली. भाऊंना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

दुरुस्तीला एक दुपार लागली. बॅकअपची वेळ बदलून आपल्या मध्यरात्रीवर आणली, प्रती दुसरीकडे ठेवल्या, फोटो बारीक केले, महाराजांना स्वतंत्र खातं घेऊन दिलं. दर पाच मिनिटांनी वेबसाईट तपासून बंद दिसली की मोबाईलवर निरोप देणारी एक सेवाही लावली. काही सेवा हे फुकट करतात.

त्या संध्याकाळी भाऊ स्टँडवर भेटेल त्याला सांगत होते, “मी पहिल्यापासून म्हणून राह्यलो होतो, अमेरिकेचाच प्रॉब्लेम हाये!” आणि याला उत्तर नव्हतं.

आता वेबसाईट क्वचितच बंद पडते. पडलीच तर निरोप आधी भाऊंना येतो, त्यामुळे मुख्याध्यापकांचा फोन यायच्या आत भाऊच त्यांना फोन करून “सर, सर्वर डाऊन हाये” म्हणतात. याला ते तत्पर सेवा म्हणतात. आप्पांची वही प्रिंटरच्या बुडाखाली गेली आहे, कारण तो एका बाजूला कलतो.

राहता राहिलं एकच. शाळेच्या डोमेनची मुदत येत्या जूनमध्ये संपते. नूतनीकरणाची सूचना ज्या ई-मेलवर जाते तो आधीच्या मुख्याध्यापकांचा आहे. सर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे असतात आणि ई-मेल बघत नाहीत. वाचकांपैकी कोणाची त्यांच्याशी भेट झाली तर पासवर्ड तेवढा विचारून घ्यावा.