आभाराचा जमाखर्च

ख्रिस्ती घरात गरम जेवण मिळत नाही. ताट वाफाळलेलं येतं. पण ताट आणि घास यांच्यामध्ये प्रार्थना असते, आणि ती आमच्या आत्याच्या ताब्यात असते. आत्या मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, त्यामुळे देवालाही ती विषय नीट समजावून सांगते. आधी अन्नाबद्दल आभार, मग रांधणाऱ्या हातांबद्दल (‘त्या हातांना तिखट बेतानं घालायची बुद्धी दे’), मग पाऊस, पेन्शन, गुडघे. ‘तुला ठाऊकच आहे, प्रभू’ असं म्हणून ती जे सांगते ते देवाला ठाऊक असतंच. आम्हाला मात्र तेव्हाच कळतं. कुणाचं लग्न जमता जमता राहिलं, कुणाच्या मुलानं नोकरी सोडली, या बातम्या आमच्याकडे डोळे मिटून ऐकायच्या असतात. ‘शेवटी’ हा शब्द कानावर पडला की भाचा पोळीकडे हात नेतो. तो अजून लहान आहे. आत्याचं ‘शेवटी’ म्हणजे मध्यंतर.

ही परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनरी नगरला १८३१ साली आले, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथंच निघालं. तेव्हापासून नगरच्या मातीत बाजरी आणि आभारप्रार्थना दोन्ही पिकतात. बाजरीला पाऊस लागतो, इतकाच फरक. रेव्हरंड टिळक देवावर भरवसा टाकून घरातलं दुसऱ्याला देऊन मोकळे होत आणि चुलीचं काय, हा प्रश्न त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. आमच्याकडे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पुरुष टिळकांच्या पानांवर मान डोलावतात आणि बायका लक्ष्मीबाईंच्या. देव पुरवतो यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. पिशवी घेऊन बाजारात कोण जाणार, एवढाच वाद.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते. देवानं आठवडाभरात काय केलं ते दोन मिनिटांत सांगा, असं पाळकसाहेब म्हणतात. त्यातलं ‘दोन मिनिटांत’ कुणी मनावर घेत नाही. एकदा एका काकांनी धावतपळत एसटी मिळाली म्हणून देवाचे आभार मानले. लगेच एक मावशी उठल्या. त्यांची तीच एसटी चुकली होती, आणि ती पुढे घाटात बंद पडली, म्हणून त्यांनीही आभार मानले. मंडळी काकांकडे पाहू लागली. काका पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, ‘बंद पडली म्हणून तर शेजारच्या माणसाशी बोलणं झालं. मुलीला स्थळ तिथंच मिळालं.’ त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला.

मला स्वतःला १३६ वं स्तोत्र आवडतं. वचनं २६, आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच: देवाची दया संपत नाही. पाळकसाहेब वरची ओळ वाचतात, मंडळी पालुपद म्हणते. आकाश झालं, मिसर झाला, समुद्र झाला, बाशानचा राजा ओग येईपर्यंत मागच्या बाकावरची पोरं पेंगायला लागतात. रचणाऱ्याला दुसरं काही सुचलंच नाही, असं लहानपणी वाटायचं. पुढे घर चालवायची पाळी आली. गॅस, शाळेची फी, आईची औषधं दर महिन्याला त्याच क्रमानं येतात. वीस तारखेला आता काही खरं नाही असं वाटतं, आणि तीस तारीख कशीबशी निघते. देव दर महिन्याला तेच करत असेल, तर पालुपद तरी बदलणार कसं?

हेच पालुपद आम्ही वर्षातून एकदा मोठ्या आवाजात म्हणतो, तो कापणीचा सण. सगळे त्याला हार्वेस्टच म्हणतात. वेदीपुढे बाजरीची कणसं, ऊस, कांदे, भोपळे, केक आणि पाय बांधलेली एक कोंबडी. उपदेश ठरलेला: दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला, मग ते नऊ कुठे गेले? आई दरवर्षी माझ्या कानात सांगते, ‘घरी गेले असतील रे. बायकापोरं वाट बघत असणार.’ कोंबडीही याच सुमारास मत मांडते.

उपासना संपली की लिलाव. बोलीला तरुण संघाचा सेक्रेटरी उभा राहतो आणि एक गावरान अंडं उंच धरतो. एक साडू बोली लावतो, दुसरा चढवतो. पहिला जिंकतो आणि रुबाबात म्हणतो, ‘पुन्हा देवाला!’ अंडं परत लिलावात. मग दुसरा जिंकतो. तोही ‘पुन्हा देवाला’. असं करता करता अंड्यानं त्याच्या आईला मागे टाकलं. कोंबडी बिचारी बाजारभावानं गेली. अखेरच्या फेरीत सेक्रेटरीच्या हातून अंडं निसटलं आणि फुटलं. खजिनदारांनी पावती आधीच फाडली होती.

देवाच्या शेतातलं देवापुढे ठेवायचं, आपसात विकत घ्यायचं आणि आपण किती दिलं म्हणून खूश व्हायचं, हा व्यवहार देव इतकी वर्षं चालवून घेतोय. त्याच्या विश्वासूपणाचा आणखी पुरावा कशाला हवा?

तरी पुरावा मागणारे असतातच. वार्षिक सभेत खजिनदारांनी जमाखर्च वाचला: छपराची दुरुस्ती, वीजबिल, पाळकसाहेबांचा पगार. शेवटी म्हणाले, ‘गेल्या वर्षीप्रमाणे याही वर्षी तूट आहे. आणि गेल्या वर्षीप्रमाणे याही वर्षी भागलं.’ बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद उठले. ‘तूट कागदावर दिसते. हे भागलं ते कुठल्या खात्यात दाखवलंय?’ खजिनदारांनी वही उलटीसुलटी चाळली. तसं खातं नव्हतं. ते उघडायचं की नाही यावर बराच खल झाला, नाव काय द्यायचं यावर त्याहून अधिक, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. आभाराचा ठराव मात्र जागच्या जागी मंजूर झाला. अनुमोदन त्या बँकवाल्यांनीच दिलं.